खुबा बसला, वाटीचे काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झाला. त्याच्या तपासणी यादीत बाळाचा निसटलेला खुबाही आहे. पायाळू जन्मलेल्या मुलींत धोका अधिक. पण खुबा बसवून काम संपत नाही. मांडीच्या हाडाचे गोल डोके वाटीच्या मध्यात राहिले, तरच वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. पहिल्या चार-पाच वर्षांत हे भराभर घडते, पुढे मंदावते. वाटी उथळ राहिली, तर ऐन तारुण्यात सांधा झिजू शकतो. मूल धावू लागल्यावर विठ्ठलवाडीहून लोकलने परळच्या वाडिया रुग्णालयात एक्स-रेसाठी कोण जाणार? रोजंदारी बुडते, हे खरेच. तरी वाढ पूर्ण होईपर्यंत तो अधूनमधून काढावाच लागतो. न दुखणारी, न लंगडवणारी उथळ वाटी त्यातच दिसते.