बॉक्साइटचे धनी कोण?

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या तालुक्यांत सड्यांच्या जांभ्याखाली बॉक्साइट आहे. राधानगरीतील दुर्गमानवाडीचे बॉक्साइट ट्रकांतून वर्षानुवर्षे बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याकडे गेले. नव्या खाणपट्ट्याची गोष्ट निघाली की गुंतवणूक, रोजगार आणि विकास या तीन शब्दांचा जप सुरू होतो. या जपाचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे.

2014 पासून धातूसाठी जाणाऱ्या बॉक्साइटवरील स्वामित्वधन हे त्यातील अ‍ॅल्युमिनियमच्या लंडन बाजारभावाच्या 0.60 टक्के आहे. समजा, भाव टनाला 2,500 डॉलर आहे आणि एक टन बॉक्साइटमध्ये पाचवा हिस्सा धातू आहे. म्हणजे 500 डॉलरच्या धातूमागे सरकारला मिळतात 3 डॉलर! 2015 च्या दुरुस्तीनुसार जुन्या पट्ट्यांवर या रकमेच्या 30 टक्के, म्हणजे 90 सेंट, जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला द्यावयाचे. धातू होईपर्यंत वीज, रसायने आणि भांडवल लागते, हे आम्ही नाकारीत नाही. पण कुशल रोजगार आणि मूल्यवृद्धी तेथेच होते. सड्याच्या वाट्याला खड्डा येतो.

आफ्रिकेतील गिनी हे याचे मोठे उदाहरण. 1958 साली स्वतंत्र झालेल्या या देशात जगातील सर्वांत मोठे बॉक्साइटसाठे आहेत. तरीही त्याचे बहुतेक खनिज कच्चेच जहाजात चढते. देशातच शुद्धीकरण कारखाने उभारा, असे 2022 साली तेथील लष्करी राजवटीला कंपन्यांना बजावावे लागले. उलट जमैकात मायकेल मॅनले यांच्या सरकारने 1974 मध्ये धातूच्या किमतीशी जोडलेली 7.5 टक्क्यांची आकारणी केली. म्हणजे गुंतवणुकीच्या अटी ठरविणे हे राजकीय कार्य आहे. तो निसर्गनियम नव्हे.

आपल्याकडेही सबब उरलेली नाही. स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 25 जुलै 2024 रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने दिला. संसद त्यावर मर्यादा घालू शकते, हे खरे. म्हणूनच लोकमताचा रेटा आजच हवा.

सड्याचा जांभा पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना पुरवितो. तो खरवडला गेला, तर झऱ्याची किंमत कोणत्या ताळेबंदात लिहिणार? राधानगरी अभयारण्य 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. पण वारसा सांभाळणाऱ्या गावाला घोटभर पाणीही राहू नये, हा कोणता न्याय?

कार्यकर्त्यांनी तीन मागण्या गावोगाव न्याव्यात. खनिज प्रतिष्ठानाचा जमाखर्च ग्रामसभेत वाचला जावा. जुने खड्डे भरून माती व झाडोरा परत आणल्याखेरीज नवा पट्टा देऊ नये. पट्ट्यापूर्वी झऱ्यांची नोंद गावकऱ्यांसमक्ष व्हावी. खाणीला सरसकट होकार किंवा सरसकट नकार देणे सोपे आहे. हिशेब मागणे कठीण. पण ज्याच्या पायाखालची जमीन जाते, त्याला हिशेब मागण्याचा पहिला हक्क आहे.