कॉइलिंगनंतर एमआरआयवर ठिपके. घाबरायचे की नाही?

मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, कॉइल टाकून बंद झाला. पेशंट चालतो-बोलतो आहे. पण एमआरआय रिपोर्टमध्ये ‘सूक्ष्म इन्फार्क्ट’ असे शब्द येतात आणि डॉक्टर भेटण्याआधीच घरच्यांच्या मोबाइलवर ती पीडीएफ फिरू लागते.

हे ठिपके येतात कुठून? मांडीतून किंवा मनगटातून नेलेल्या कॅथेटरसोबत रक्ताच्या बारीक गुठळ्या किंवा हवेचे बुडबुडे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. तेथे झालेली इजा एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात पांढरी चमकते. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. लगेच केलेल्या सीटीवरचा पांढरा भागही कधी रक्तस्राव नसून प्रक्रियेत वापरलेले कॉन्ट्रास्ट असते. ते सहसा एक-दोन दिवसांत ओसरते. कॉइलभोवतीच्या रेघा तर निव्वळ प्लॅटिनमची करामत.

म्हणून काही रिपोर्ट बाजूला टाकायचा नाही. तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, फिट आली किंवा अचानक तीव्र डोके दुखले, तर तडक रुग्णालय गाठावे. स्टेंट असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत. रिपोर्ट देताना दोन मिनिटे समजावणे हे रुग्णालयाचे काम, गूगलचे नव्हे. पुढच्या स्कॅनला जुन्या सीडी आणि कॉइलचे कार्ड सोबत न्यावे.