बटाट्यापुरती भाषा

टिळकवाडीत आमच्या मामांच्या वरच्या मजल्यावर एक तरुण भाडेकरू आला आहे. घरी बसून संगणकावर परगावच्या कंपनीचे काम करतो, भाडे वेळेवर देतो. तरी मामा परवा तावातावाने म्हणाले, "वर्ष झालं बघ. मराठी नाही, कन्नडसुद्धा नाही. दूधवाल्याशी इंग्रजी बोलतोय की रे! काय म्हणायचं ह्याला?"

मला उत्तर ठाऊक होते. ह्याला 'एक्सपॅट' म्हणायचे. पण २०२४ च्या आरंभापासून सव्वा वर्ष मी स्वतःच ते बिरुद मिरवून आलो होतो, म्हणून चहाचा कप उचलून गप्प बसलो. मामांपुढे बोलवले नाही ते इथे लिहितो.

माझे गाव पेसो द रेग्वा. पोर्तुगालच्या उत्तरेला, पोर्तोहून दोरो नदीच्या काठाने जाणारी रेल्वे तिथे थांबते. 'पोर्ट' या जगप्रसिद्ध मद्याची द्राक्षे याच खोऱ्यातली. त्या मुलखाची सीमा १७५६ सालीच आखली गेली (सीमा म्हटली की आपले कान टवकारतातच!). पाटीसारखा दगड फोडून, बांधावर बांध रचून पिढ्यान्‌पिढ्यांनी तिथले डोंगर लागवडीला आणले. २००१ साली युनेस्कोने त्या डोंगरांना जागतिक वारसा म्हटले.

मी गेलो तो खिडकीतून ते दृश्य पाहत लंडनच्या एका कंपनीचे काम करायला. अशा लोकांसाठी पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये वेगळा व्हिसा काढला. मुख्य अट एवढीच, की तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मिळकत हवी. २०२४ साली ३२८० युरो. भाषेची अट नाही. सरकारने माझा खिसा तपासला, तोंड उघडायला सांगितले नाही. घरमालकाने सांगितलेले भाडे मी घासाघीस न करता दिले. आधी घर पाहून गेलेल्या शाळेतल्या बाईंना ते परवडले नव्हते, असे त्यानेच हसत सांगितले. मीही हसलो.

सप्टेंबरात द्राक्षतोडणीला पंजाबी आणि नेपाळी पोरे आली. ती 'इमिग्रंट', मी 'एक्सपॅट'. पंजाबी पोरांचा पासपोर्ट माझ्याच रंगाचा. फरक पगाराचा, आणि गंमत म्हणजे 'पगार' हा आपला शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आलेला. मुकादमाला दुसरी भाषा येत नव्हती, म्हणून ही पोरे महिन्याभरात माझ्यापेक्षा बरी पोर्तुगीज बोलू लागली. मला पाव, चावी, साबण आणि बटाटा पुरत होते. दुकानात 'बटाटा' म्हटले की बटाटा मिळे. आपल्या पूर्वजांनी उचललेल्या शब्दांवर मी सव्वा वर्ष काढले. स्वतः एक वाक्य कमावले नाही.

शेजारी एक आजोबा होते. त्या सप्टेंबरात ते रोज दारात उभे राहून, वरच्या बांधाकडे हात करून मला काही सांगत. आवाज चढे, कधी डोळे भरत. मी मान डोलवून 'ओब्रिगादो' म्हणे. म्हणजे आभारी आहे! त्यांच्या वरच्या बांधावरची द्राक्षे वेलीवरच सुकली. का, ते मला परत आल्यावर वाचून कळले. किती द्राक्षांचे पोर्ट करायचे, याचा कोटा दरवर्षी ठरतो. २०२३ साली एक लाख चार हजार पिंपे, २०२४ साली नव्वद हजार, २०२५ साली पंचाहत्तर हजार. एक पिंप साडेपाचशे लिटरचे. कोट्याबाहेरच्या द्राक्षांना तोडणीचा खर्चही निघेल की नाही, असा भाव. आपल्याकडच्या ऊसवाल्याला हे दोन वाक्यांत समजले असते. मी भिंतीला भिंत लावून राहत होतो, आणि मला ते वर्तमानपत्रातून कळावे लागले.

"पण इंग्रजीवर भागते ना?" असे आमच्यातले कितीतरी विचारतात. भागते हो! ज्याच्या हाती पैसा, त्याचे कुठेही भागते. भागते म्हणून शिकायचे नाही, हाच तो माज. आणि हे आपण म्हणावे? बेळगावात पाटीवरचे एक मराठी अक्षर गेले तर आपण रस्त्यावर उतरतो, आणि उतरलेच पाहिजे. बेळगावचा मराठी माणूस इथला उपरा नाही, त्यामुळे त्याची आणि माझी तुलना कुणी करू नये. मी रेग्वात खराखुरा उपरा होतो आणि वागलो मालकासारखा. मुलगा परदेशी गेला म्हणून पेढे वाटणाऱ्या घरांनी त्याला पगाराचा आकडा जरूर विचारावा. पण शेजाऱ्याशी काय बोललास, हेही विचारावे. माझ्या घरी ते कुणी विचारले नाही.

मामांना एवढेच सांगणार आहे, की त्या पोराला एकदा खाली चहाला बोलवा आणि मराठीतच बोला. अर्थात बोलावल्याने तो येईलच असे नाही. आजोबांनी मला अनेकदा हात करून आत बोलावले होते, टेबलावर पाव आणि ग्लास मांडून. माझी मीटिंग चालू असे. मी कानातल्या हेडफोनकडे बोट दाखवून पुढे जात असे.