शिकवणाऱ्याची पहिली इयत्ता

2 ऑक्टोबर 1978 रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, मे 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, आणि 2022 पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. एवढ्या योजना सरकारदप्तरी रुजू होऊनही 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्यातील साक्षरांचे प्रमाण शंभरात सुमारे 71 इतकेच भरले, आणि स्त्रियांमध्ये तर ते त्याहून पुष्कळच खाली होते. या अपयशाचे खापर शिकणाऱ्यांच्या माथी फोडण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मोठ्या माणसांना गोडी नाही, सवड नाही, या वयात शिकून काय करायचे असे त्यांना वाटते, ही कैफियत याच जिल्ह्यातील मंठ्याच्या पंचायत समितीपासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत कोठेही ऐकावयास मिळते. माझे मत याच्या उलट आहे. प्रौढांच्या वर्गात पहिली इयत्ता शिकवणाऱ्याने ओलांडावी लागते, आणि त्या इयत्तेत आपण त्याला कधी बसवलेलेच नाही. ज्या मोजक्या लोकांनी ती इयत्ता मनापासून पुरी केली त्यांत कॅथलिक धर्मसंघांतील काही व्यक्तींची गणना करावी लागेल, आणि त्यांच्या कार्याचा एक प्रवाह आपल्याच जिल्ह्याच्या शिवारातून वाहिलेला असल्यामुळे मंठ्यात बसून त्याविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते.

1579 मध्ये गोव्यास आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू आमच्या भाषेची दीर्घ उमेदवारी करून 1616 मध्ये क्रिस्तपुराणाचा ओवीबद्ध ग्रंथ छापवू शकला, हे सर्वश्रुत आहे. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु साडेतीनशे वर्षांनी, 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांशी आदरपूर्वक संवाद करण्याची भूमिका अधिकृतपणे स्वीकारली, आणि पुण्याच्या शनिवार पेठेत, म्हणजे पेशवाईच्या ऐन वस्तीत, स्नेहसदन या संस्थेत फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी जे कार्य केले त्यात हेतूचेच परिवर्तन झालेले दिसते. हे जर्मन गृहस्थ महाराष्ट्राच्या अर्वाचीन तत्त्वचिंतनाचे अभ्यासक झाले आणि त्या विषयावरील त्यांचा ग्रंथ 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या समाजात आपण राहतो त्याने गेल्या शतकात काय विचार केला हे आधी समजून घ्यावे आणि मग त्याच्याशी बोलावे, ही शिस्त त्यांनी स्वतःला लावून घेतली.

याच शिस्तीचे शेतातले रूप फादर हर्मन बाखर यांच्या कार्यात आढळते. मूळचे स्वित्झर्लंडचे हे येशूसंघीय धर्मगुरू 1948 मध्ये भारतात आले, अहमदनगरच्या सोशल सेंटरमधून त्यांनी दुष्काळी खेड्यांत आयुष्य वेचले, आणि त्यांच्या अनुभवातून नाबार्ड व जर्मन साहाय्याच्या आधारे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. हा कार्यक्रम पाण्याचा म्हणून ओळखला जातो. माझ्या दृष्टीने तो महाराष्ट्रातील प्रौढ शिक्षणाचा एक श्रेष्ठ प्रयोग आहे. गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी दाखवावी, मोकाट चराई आणि वृक्षतोड यांवर स्वतःहून निर्बंध घालावेत, ग्रामसभेने पाणलोट समिती निवडावी, आणि सबंध शिवार हाती घेण्यापूर्वी एका लहान तुकड्यावर काम करून चुका करण्याची व सुधारण्याची मुभा गावास मिळावी, अशी त्याची रचना होती. नियोजनाच्या वेळी मातीचा आणि उताराचा जाणकार, शेतकरी आणि शेतकऱ्याची पत्नी असे तिघे प्रत्यक्ष त्या शेतात उभे राहत. पावसाचे पाणी कोणत्या बांधावरून फुटते हे बहुधा त्या बाईलाच नेमके ठाऊक असते, कारण खुरपण करताना वाहून गेलेली माती तिने वर्षानुवर्षे पाहिलेली असते; तिचे म्हणणे कागदावर उतरे, आणि तो कागद काय सांगतो हे तिला समजून घ्यावेसे वाटे. असा वर्ग ज्याने चालवला त्याने प्रौढ मनुष्याच्या शिक्षणाचे मर्म जाणले होते.

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव याच कार्यक्रमात होते. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने चाललेल्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने 1996 च्या सुमारास तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम सुरू केले, आणि आज शेततळी व द्राक्षबागा यांसाठी त्या गावाचे नाव सर्व मराठवाड्यात घेतले जाते. एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या चिंतनातून निघालेली पद्धत जालन्याच्या शेतकऱ्यांनी आणि आपल्याच मराठी संस्थेने आपलीशी केली, त्यात कोणाचा धर्म बदलला नाही आणि कोणाला तो बदलण्याची आवश्यकताही भासली नाही. मराठवाड्यात मिशनऱ्यांविषयी जो संशय आहे तो इतिहासातून आलेला असल्याने त्याची मी हेटाळणी करणार नाही. परंतु शिकवणाऱ्याची श्रद्धा त्याच्यापाशी राहून शिकणाऱ्याच्या हाती विद्या आली की नाही, ही कसोटी लावली तर कडवंचीचे उत्तर स्पष्ट आहे.

जगात इतरत्रही हेच दिसते. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात अँटिगोनिश येथील कॅथलिक विद्यापीठाने 1928 मध्ये विस्तार विभाग उघडला, आणि फादर मोझेस कोडी यांच्या नेतृत्वाखाली गरीब कोळ्यांची अभ्यासमंडळे त्यांच्याच स्वयंपाकघरांत भरू लागली. मासळीला भाव का मिळत नाही या प्रश्नापासून आरंभ करून ती माणसे पतसंस्था आणि सहकारी विक्रीसंघ यांपर्यंत पोहोचली. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे या कॅथलिक विचारवंताने 1963 मध्ये आंगिकोस या गावी सुमारे 300 श्रमिकांना थोडक्या तासांत वाचावयास शिकवले, तेही त्यांच्या रोजच्या कष्टांतील शब्द घेऊन.

आता मंठ्याकडे यावे. या तालुक्याच्या तांड्यांवरून आणि वाड्यावस्त्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत कारखान्यांच्या फडांत असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, रोज किती मोळ्या बांधल्या, गाडी किती टन भरली आणि शेवटी अंगावर बाकी किती राहिली, हा सर्व हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. नवराबायकोचा एक कोयता सहा महिने राबून परत येतो आणि वहीतली बाकी पुढच्या हंगामावर ओढली जाते, तेव्हा ती बरोबर आहे की नाही हे पडताळण्याचे साधन त्या दोघांपाशी नसते. अक्षरांची आणि आकड्यांची याहून तातडीची गरज या तालुक्यात मला दुसरी दिसत नाही. आणि नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चाचणी महाराष्ट्रात घेतली गेली ती 17 मार्च 2024 रोजी, ज्या दिवसांत अनेक टोळ्या अजून फडातच असतात. ज्याने ही तारीख ठरवली त्याच्या मनात दुष्टावा नव्हता. तांड्याचे वर्ष कसे फिरते हे त्याला कोणी शिकवले नव्हते, इतकेच.

भाषेचेही तसेच. मंठ्याच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर मराठी, दखनी आणि बंजारा तांड्यांची गोरमाटी या तिन्ही बोली ऐकू येतात. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलात होता आणि महसुलाचे दप्तर उर्दूत चाले. तेव्हा ज्याला मराठीच तेवढी येत होती तो कचेरीत परका ठरे, आणि आज ज्या बाईला गोरमाटीच तेवढी येते ती तहसिलीत तशीच परकी ठरते. बँकेच्या खिडकीपाशी ती पदर सावरून उभी राहते, निळ्या शाईच्या डबीत अंगठा टेकवते, पावतीवर उठवते, आणि अंगठा पदराच्या आतल्या बाजूस पुसते, कोणाला दिसू नये म्हणून. तिच्या वर्गाचा आरंभ पाठ्यपुस्तकी मराठीने केला तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि तिच्या न येण्याची नोंद अनास्था म्हणून होईल.

म्हणून मंठ्यात प्रौढांचे एक कायम केंद्र असावे अशी माझी मागणी आहे. त्यात शिकवणारा आधी एक महिना तांड्यावर, मोहल्ल्यात आणि बौद्धवाड्यात बसून तेथील बोली, तेथील हिशेब आणि तेथील सवडीचे प्रहर शिकून येवो, आणि तोपर्यंत त्याच्या हाती खडू देऊ नये. वर्ग अक्षयतृतीयेनंतर, टोळ्या परतल्यावर, दिवेलागणीस भरावेत. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली त्या वेळी मोकळीच असते. बायकांचा वर्ग भाकरी आटोपल्यावर असावा आणि तान्ह्या मुलांना सांभाळायला तांड्यातलीच एखादी म्हातारी मानधनावर नेमावी. पहिले पुस्तक उचलीची वही, दुसरे रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक, तिसरे सातबारा व फेरफाराची नक्कल. दर्ग्याचा, विहाराचा नि देवळाचा असे सर्व त्या एका सतरंजीवर बसतील, आणि शिकवणारा ख्रिस्ती असो, मुसलमान असो वा हिंदू, त्याची परीक्षा शिकणाऱ्यांनी घ्यावी. शासनाच्या चाचणीसाठी या तालुक्यात भाद्रपद हाच महिना मुख्य धरावा. मार्चमध्ये ती घ्यायचीच असेल तर तिचे केंद्र कारखान्यांच्या अड्ड्यांवर, जेथे आमची माणसे त्या दिवशी असतात तेथे, उघडावे. साखर आयुक्तालयापाशी कारखान्यांची यादी आहे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांपाशी नावनोंदणीची, त्या दोन्ही एकत्र करण्यास एक पत्र पुरेसे होईल.