महाकाय मत्स्यालयांचे आयुष्य कोणी ठरवायचे?

बर्लिन शहराच्या मध्यवस्तीतील एका हॉटेलच्या दिवाणखान्यात उभे असलेले 'ॲक्वाडोम' हे प्रचंड मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास फुटले. साडेअकरा मीटर व्यासाच्या आणि सुमारे चौदा मीटर उंचीच्या त्या पारदर्शक नळकांड्यात दहा लाख लिटर खारे पाणी आणि सुमारे दीड हजार मासे होते. काही क्षणांत ते सारे पाणी हॉटेलचे दरवाजे आणि सामानसुमान घेऊन रस्त्यावर आले. टाकीतील जवळजवळ सर्व मासे मेले. माणसे मात्र दोनच, आणि तीही किरकोळ, जखमी झाली. कारण त्या वेळी हॉटेलातील सुमारे साडेतीनशे पाहुणे आपापल्या खोल्यांत झोपलेले होते. हीच घटना दोन-तीन तासांनी घडली असती, तर टाकीच्या पायथ्याशी न्याहारीला निघालेली कुटुंबे आणि मासे पाहायला आलेली मुले असती. मनुष्यहानी टळली ती घड्याळाच्या कृपेने. कोणाच्या दक्षतेने नव्हे.

एका श्रीमंत देशातील चैनीच्या वस्तूचा हा अपघात म्हणून त्याची बोळवण करणे सोपे आहे. परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न चैनीचा नाही. हे मत्स्यालय २००३ च्या अखेरीस उभे राहिले, म्हणजे फुटले तेव्हा त्याला एकोणीस वर्षे झाली होती. ते दुर्लक्षित होते असेही म्हणता येत नाही. २०१९ नंतर ते रिकामे करून त्याचे नूतनीकरण करण्यात आले होते आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले होते. त्यानंतर सहा महिने उलटतात न उलटतात तोच ते कोसळले. जुनी झालेली वस्तू अजून भक्कम आहे की नाही हे ठरवायचे कसे, ठरवायचे कोणी आणि त्या निर्णयाची जोखीम सोसायची कोणी, असा हा प्रश्न आहे.

पदार्थाचा स्वभाव

ज्याला आपण सैलपणाने 'काच' म्हणतो, ती अशा मत्स्यालयांत काच नसतेच. तो ॲक्रिलिक नावाचा प्लास्टिकचा प्रकार आहे. १९३३ साली जर्मनीत 'प्लेक्सिग्लास' या नावाने तो बाजारात आला. काचेपेक्षा तो हलका आहे, तडाखा अधिक सोसतो, आणि मुख्य म्हणजे त्याचे तुकडे एकमेकांना रासायनिक रीतीने असे जोडता येतात, की जोड डोळ्यांना दिसत नाही. या शेवटच्या गुणामुळेच खोलीएवढ्या नव्हे, इमारतीएवढ्या टाक्या शक्य झाल्या. जपानमधील ओकिनावा येथे २००२ साली आणि दुबईत २००८ साली उभ्या राहिलेल्या मत्स्यालयांतील ॲक्रिलिकच्या भिंती अनुक्रमे साठ आणि पंचाहत्तर सेंटिमीटर जाडीच्या आहेत. म्हणजेच या उद्योगातील पहिली मोठी पिढी आता वीस वर्षांची झाली आहे.

अशा टाकीवर किती भार असतो, याचा हिशेब शाळेतील पदार्थविज्ञानाने करता येतो. चौदा मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.४ किलो असतो. साडेअकरा मीटर व्यासाच्या नळकांड्यात तळाजवळचा एक मीटर उंचीचा पट्टा घेतला, तर त्याला फाकविणारा ताण सुमारे ऐंशी टनांचा होतो. भिंतीची जाडी वीस सेंटिमीटर धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला चाळीस किलो. प्रयोगशाळेत ॲक्रिलिकचा तुकडा थोड्या वेळात ओढून तोडायचा झाला, तर सुमारे सातशे किलो लागतात. सामर्थ्य भाराच्या सतरापट! मग काळजी कशाची, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे.

काळजी काळाची आहे. पोलादासारख्या धातूत आणि या प्लास्टिकमध्ये मोठा भेद असा, की प्लास्टिकवर कायम राहणारा भार त्याला हळूहळू, वर्षानुवर्षे ताणीत राहतो. अल्प मुदतीत जो ताण तो सहज पेलतो, त्याच्या लहानशा अंशानेही दीर्घ मुदतीत त्याच्या पृष्ठभागावर केसाएवढ्या सूक्ष्म चिरांचे जाळे उमटू शकते. स्पिरिट किंवा अमोनिया असलेली साफसफाईची द्रव्ये ही प्रक्रिया वेगाने घडवून आणतात. तापमान बदलले की तो पोलादाच्या सहापट प्रसरण पावतो. साडेअकरा मीटर व्यासाच्या मोकळ्या कड्याचा परीघ दहा अंशांच्या फरकाने अडीच सेंटिमीटरने बदलतो. शिवाय हा पदार्थ थोडेसे पाणी शोषून घेतो आणि कोरडा पडला की ते सोडून देतो. या फुगण्या-आकसण्यानेही आत ताण निर्माण होतात. आणि जेथे एखादी खाच पडली असेल, तेथे सरासरी ताणाला काहीच अर्थ उरत नाही. खाचेच्या टोकाशी तो अनेकपट होतो. सतरापटीचा आकडा कागदावर कितीही आश्वासक दिसला, तरी तो नव्या, निर्दोष आणि अल्पकाळ ताणलेल्या तुकड्याचा आहे. एकोणीस वर्षे उभ्या असलेल्या, ठिकठिकाणी जोडलेल्या नळकांड्याचा तो नव्हे.

तपासणी काय सांगते?

अशा टाकीची परीक्षा करण्याचे मार्ग आहेत. अनुभवी तंत्रज्ञ प्रथम डोळ्यांनी पाहतो: पृष्ठभागावर चिरांची जाळी आहे काय, जोडांत बुडबुडे किंवा पांढुरकेपणा आला आहे काय, तळाच्या काठाला कोठे खाच वा टवका आहे काय. सपाट भिंत किती बाहेर झुकली आहे हे मोजून तो मूळ नोंदीशी ताडून पाहतो. नळकांडे असेल, तर त्याचा घेर पाहतो. ध्रुवीकृत प्रकाशात ॲक्रिलिकमधील अंतर्गत ताण रंगीत पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. तीही परीक्षा आहे, जरी भरलेल्या टाकीत ती सोपी नसते. ध्वनिलहरींच्या साहाय्याने भिंतीच्या आतील दोष शोधता येतात. आणि या सर्वांहून महत्त्वाची असते ती टाकीची चोपडी: ती केव्हा, किती वेळा रिकामी केली, किती दिवस कोरडी राहिली, कोणती दुरुस्ती कोणी केली, कशाने पुसली, तापमान किती होते.

तरीही या मार्गांची मर्यादा ओळखली पाहिजे. दोष सापडला, तर टाकी धोकादायक आहे असे सांगता येते. दोष सापडला नाही, तर टाकी सुरक्षित आहे असे मात्र त्याच निःशंकतेने सांगता येत नाही. जोडाच्या पोटातील वैगुण्य बाहेरून अदृश्य राहू शकते. दुसरे असे, की रबरी किंवा सिलिकोनची खाच-भरणी जुनी होऊन पाणी झिरपणे आणि ॲक्रिलिकची भिंत तडकणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. २०१० साली दुबईच्या मत्स्यालयातून सांध्यापाशी पाणी गळले आणि दुरुस्ती करता आली. पण जाड ॲक्रिलिक ठिसूळपणे मोडते. चीर एका मर्यादेपलीकडे गेली, की ती निमिषार्धात सारी भिंत चिरीत जाते. डिसेंबर २०१२ मध्ये शांघायमधील एका विक्रीकेंद्राची शार्कची टाकी अशीच एकाएकी फुटून डझनाहून अधिक लोक जखमी झाले. 'आधी गळेल, मग बघू' हा आपल्याकडील छपरांना लागू पडणारा न्याय येथे चालत नाही.

बर्लिनच्या प्रकरणात तर फुटल्यानंतरही निदान झाले नाही. टाकीच्या मालकांनी नेमलेल्या प्लास्टिकतज्ज्ञांनी तुकडे गोळा करून त्यांचा अभ्यास केला आणि त्यांचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाला. चिकटविलेला जोड निकामी होणे, तळाजवळ पडलेली खाच, किंवा नूतनीकरणाच्या काळात रिकाम्या टाकीचे ॲक्रिलिक कोरडे पडणे, अशी तीन कारणे संभवतात. त्यांपैकी नेमके कोणते, हे निश्चित करता येत नाही, असे त्यांनी सांगितले. यांतील तिसरी शक्यता विशेष विचार करण्यासारखी आहे. टाकी नीट तपासायची आणि दुरुस्त करायची, तर ती रिकामी करावी लागते. आणि रिकामी करणे हेच तिला अपायकारक ठरू शकते. रोग्याची परीक्षा हीच त्याच्या रोगाचे कारण व्हावी, असा हा पेच आहे.

जोखमीचे अर्थशास्त्र

जेथे विज्ञान निर्विवाद उत्तर देत नाही, तेथे निर्णय संपत नाही. तो पैशाच्या हातात जातो. मोठे मत्स्यालय बंद ठेवण्याचा खर्च रोजचा, निश्चित आणि डोळ्यांसमोरचा असतो: तिकिटांचे उत्पन्न बुडते, मासे हलवावे लागतात, गिऱ्हाईक दुरावते. ते फुटण्याचा खर्च प्रचंड, पण क्वचित येणारा आणि भविष्यातला असतो. शिवाय त्याचा मोठा भाग विमा कंपनीवर, शेजारच्या दुकानदारांवर आणि खाली उभ्या असलेल्या प्रेक्षकांवर पडतो. अशा स्थितीत मालकाचा कल कोणत्या बाजूस झुकेल, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. त्यातून 'इतकी वर्षे काही झाले नाही' हा युक्तिवाद मदतीला येतो. न झिजणाऱ्या वस्तूच्या बाबतीत त्याला थोडा अर्थ असेल. झिजणाऱ्या वस्तूच्या बाबतीत सरलेले प्रत्येक वर्ष हे भक्कमपणाचा पुरावा नसून खर्ची पडलेले आयुष्य असते.

हिशेबनीस यंत्रसामग्रीवर दरसाल घसारा धरतो, तो याचसाठी. माणसे नेणाऱ्या पाणबुड्यांच्या ॲक्रिलिक खिडक्यांबाबत अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने संहिता केली आहे. तीत खिडकीचे आयुष्य आधीच ठरवून दिलेले असते, आणि ते सरल्यावर खिडकी दिसायला कितीही स्वच्छ असली तरी केवळ त्या स्वच्छतेवर ती वापरात ठेवता येत नाही. सिद्ध करण्याचा भार वस्तू चालू ठेवणाऱ्यावर टाकलेला आहे. पाण्याच्या आत बसलेल्या दोन माणसांसाठी जो न्याय, तो पाण्याच्या बाहेर उभ्या असलेल्या दोनशे माणसांसाठी का नसावा?

प्रमाणपत्र म्हणजे भक्कमपणा नव्हे

आपल्यालाही या प्रश्नापासून अंग झटकता येणार नाही. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ च्या नूतनीकरणात ॲक्रिलिकचा बोगदा आला. तो बर्लिनच्या मानाने फारच लहान असला, तरी पदार्थ तोच आहे. मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यात तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद आहे, ही समाधानाची गोष्ट. पण १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळून सात माणसे गेली, तेव्हा त्या पुलाची तपासणी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्तीवर तो चालेल असा निर्वाळाही मिळालेला होता. प्रमाणपत्र कागदाचे असते. भार लोखंडाला, सिमेंटला आणि ॲक्रिलिकला सोसावा लागतो.

म्हणून काही गोष्टी नियमानेच ठरल्या पाहिजेत. अशा प्रत्येक टाकीचे आयुष्य ती उभारतानाच जाहीर व्हावे आणि तिची चोपडी पहिल्या दिवसापासून ठेवली जावी. तपासनीस मालकाचा पगारी नसावा. त्याचा अहवाल लोकांना पाहता यावा. टाकी रिकामी करून पुन्हा भरणे ही साधी देखभाल न मानता नवी उभारणी मानावी, आणि भरल्यानंतर काही काळ तिच्या पायथ्याशी गर्दी होऊ देऊ नये. आणि ठरलेले आयुष्य संपल्यावर, दोष सापडला नाही एवढ्या आधारावर मुदत वाढवू नये. दोष नाही, हे दाखविणाऱ्या मोजमापांवरच ती वाढावी.

यामुळे काही मत्स्यालये परवडेनाशी होतील, हे खरे. परंतु ज्या वस्तूच्या सुरक्षिततेचा खर्च तिच्या उत्पन्नातून निघत नाही, ती मुळातच परवडणारी नव्हती. तिचा तोटा आजवर न सांगता दुसऱ्यांच्या नावे मांडला जात होता, एवढेच. ॲक्वाडोम पुन्हा उभारायचे नाही, असे त्याच्या मालकांनी ठरविले. हिशेब त्यांना उशिरा का होईना, कळला. इतरत्र उभ्या असलेल्या टाक्यांच्या मालकांनी तो पहाटेच्या नशिबावर सोडू नये.