उलटा पायजमा आणि रेड अलर्ट

२५ जुलै २०२४ ची सकाळ. रात्रभर पाऊस नुसता कोसळत होता. आमच्या खडकवासल्याला पावसाचं कौतुक नाही, पण हा आवाज निराळा होता. धरणाचे दरवाजे उघडले की पाण्याची घरघर आमच्या गॅलरीपर्यंत येते. त्या दिवशी ती स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू येत होती. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिल्याचा मेसेज लेकीच्या मोबाईलवर आला आणि दुसरीतली आमची नात पांघरुणातून उडी मारूनच बाहेर आली. "आजी, सुट्टी!!"

हा आनंद जेमतेम वीस मिनिटं टिकला. शाळेचा दुसरा मेसेज आला. साडेआठपासून ऑनलाईन वर्ग, युनिफॉर्म आवश्यक. हो, युनिफॉर्म! घराबाहेर पाऊल टाकता येत नाही म्हणून सुट्टी, आणि ही पोर टाय लावून डायनिंग टेबलाशी बसली.

आता गंमत ऐका. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई तसल्या पावसातही आल्या, आणि शाळा बंद म्हणून मुलाला बरोबर घेऊन आल्या. तो मराठी शाळेत, तिसरीत. त्याच्या शाळेने सुट्टी म्हणजे सुट्टी दिलेली. तो गॅलरीत बसून कागदाच्या होड्या करत होता आणि आमची नात स्क्रीनवरच्या बाईंकडे तोंड करून, डोळे मात्र गॅलरीकडे. "मॅम, युअर व्हॉइस इज ब्रेकिंग" असं कोणीतरी दर दोन मिनिटांनी म्हणत होतं. मला राग आला. तीस वर्षं शिकवलंय मी, त्यामुळे शाळेवर राग धरायला मी सहसा कचरते. पण आला.

माझी दुसरी नात नि तिच्याहून मोठा नातू, हे मुलाकडचे, अमेरिकेत बॉस्टनजवळ असतात. २०१५ च्या जानेवारीत आम्ही दोघं तिथे होतो. वाचणाऱ्यांपैकी जे तिकडे राहतात त्यांना तो हिवाळा आठवत असेलच. त्या मोसमात बॉस्टनला १०८ इंचांहून जास्त बर्फ पडला, आजवरचा विक्रम. २७ जानेवारीच्या वादळात एकट्यानेच दोन फूट टाकला. आदल्या रात्री नातू (तेव्हा सहा वर्षांचा) पायजमा उलटा घालून झोपायला निघाला. मी सवयीने म्हटलं, अरे, शिवण बाहेर आलीय. तर म्हणाला, "आजी, असंच घालायचं असतं, मग स्नो डे मिळतो!" तिकडच्या मुलांची ही समजूतच आहे. पायजमा उलटा घालायचा, उशीखाली चमचा ठेवायचा. गंमत म्हणजे शाळा बंद असल्याचा रेकॉर्ड केलेला फोन संध्याकाळीच येऊन गेला होता, पण पायजम्यावरचा विश्वास तेवढ्याने थोडाच कमी होतो? धाकटीने तर दोन चमचे ठेवले होते.

वादळ ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर. दाराबाहेरच्या पायऱ्या गायब, मोटारीच्या जागी नुसते उंचवटे. शाळा अजून बंदच. नातवाला बर्फाचा माणूस करायचा होता. हे म्हणाले, माणूस कशाला, गणपती करू. पण तो बर्फ कोरडा, भुसभुशीत, अगदी भाजलेल्या रव्यासारखा. वळता वळेना. यांनी मला हाक मारली, "अहो, लाडू बसत नाहीत, काय करायचं?" मी म्हटलं, पाक कमी पडला. मग तांब्यात कोमट पाणी आणून थोडं थोडं शिंपडलं, तेव्हा कुठे पोट झालं. सोंडेला गाजर. ते सारखं पडायचं आणि दोन्ही मुलं हसून हसून बर्फात लोळायची. सहासष्ट वर्षांचे हेही लोळले. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना जमिनीवर लोळताना पाहिलं नव्हतं! आता हे नाहीत. नातू मोठा झालाय, मिसरूड फुटलंय. फोनवर आजोबांचा विषय निघाला की तो शाळा-अभ्यासाचं काही सांगत नाही, गाजराचं सांगतो.

त्या सुट्ट्या काही फुकट नव्हत्या बरं का. मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेचे १८० दिवस भरावेच लागतात, म्हणून बुडालेले दिवस जूनमध्ये वाढवले गेले. मुलं कुरकुरली, पण गेली. हा व्यवहार मला पटतो. आज खेळा, भरपाई नंतर. आपल्याकडेही शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवसांचं बंधन आहे. पावसाचे चार दिवस भरून काढायला अख्खं वर्ष पडलेलं असतं. मी स्वतः शनिवारच्या अर्ध्या शाळा पूर्ण करून भरून काढले आहेत. (माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर हो, ती कल्पना माझीच होती. माफ करा.) पण सुट्टी देऊन तीच सुट्टी त्याच सकाळी परत काढून घ्यायची, हे आम्ही कधी केलं नाही. अर्थात तेव्हा तशी सोय नव्हती, हेही खरं. करोनात ऑनलाईन वर्गांनी शाळा जिवंत ठेवली, ते ऋण मी मानते. पण आणीबाणीचं औषध रोज सर्दीला कशाला द्यायचं? हे खूळ आपल्यापुरतं नाही. न्यूयॉर्क शहराने स्नो डे रद्द करून घरून शाळा आणली आणि १३ फेब्रुवारी २०२४ ला बर्फ पडला तेव्हा असंख्य मुलांचं लॉगिनच होईना. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

लेकीची बाजू मात्र सांगायला हवी. ती घरून काम करते, सकाळी तिच्या मीटिंगा असतात. ती म्हणाली, "आई, वर्ग आहे म्हणून ती तीन तास एका जागी बसेल तरी. तू आहेस म्हणून ठीक आहे, ज्यांच्याकडे कोणीच नाही त्यांनी काय करायचं?" याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं. कामवाल्या ताईंनी तर मुलाला भर पावसात चालवत आणलं होतं. मुलाला सुट्टी, आईला कुठली? पण मग असं म्हणा ना, की मुलं सांभाळायला कोणी नाही. त्यावर शिक्षणाचं पांघरूण कशाला!

दहाच्या सुमाराला वीज गेली, वायफाय गेलं, वर्ग संपला. टाय खुर्चीवर पडला आणि दोघं गॅलरीत. तेवढ्यात लेकीने मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवले आणि माझ्या पोटात गोळा आला. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं होतं. खाली सिंहगड रोडला एकतानगरीत ते घराघरांत शिरलं होतं, माणसं बोटींतून काढत होते. डेक्कनजवळ पुलाची वाडीत तिघं जण विजेच्या धक्क्याने गेले. आमच्या गॅलरीत जी घरघर ऐकून मुलं टाळ्या पिटत होती, ते हेच पाणी. नातीने विचारलं, "आजी, हे पाणी कुठे जातं?" मी म्हटलं, पुण्यात. आणखी काही सुचलं नाही.

मला १२ जुलै १९६१ आठवला. मी आठ वर्षांची, आम्ही भवानी पेठेत राहायचो. सकाळी पानशेत फुटलं, मग हे आमचं खडकवासल्याचं १८७९ सालचं जुनं धरणही टिकलं नाही. आमच्याकडे पाणी आलं नाही. नारायण पेठेतली मावशी मात्र दोन मुलांना घेऊन नेसत्या वस्त्रानिशी आली. आणि मला काय वाटलं सांगू? आनंद झाला! शाळा बंद. कितीतरी शाळांत पूरग्रस्तांनाच ठेवलं होतं. मावसभावंडं मुक्कामाला, रात्री एका ओळीत अंथरुणं, दिवसभर सागरगोटे नि पत्ते. एकदा आम्ही पत्त्यांवरून इतके खिदळलो की आई धपाटा घालायला धावली. म्हणाली, घर वाहून गेलंय त्यांचं, दात काय काढता! मावशी कोपऱ्यात बसली होती. चिखलात सापडलेले कागद, फोटो ती एकेक करून सुटे करत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, खेळू दे त्यांना. तेवढं तरी राहू दे."

मावसभावाला आज त्या दिवसांतलं काय आठवतं विचारलं तर तो पत्ते म्हणतो. घर त्याला फारसं आठवत नाही.

मी मोबाईल लेकीला परत दिला आणि गॅलरीत जाऊन बसले. मुलांचे कागद संपले होते. नातीने आत जाऊन ऑनलाईन वर्गासाठी प्रिंट काढलेली गणिताची वर्कशीट आणली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मास्तरीणबाई काय म्हणतात म्हणून. दोन पानं होती. एका पानाची मी साधी होडी केली. दुसऱ्याची नांगरहोडी करायला घेतली तर घडीच आठवेना, शेवटी ती ताईंच्या मुलाने मला शिकवली.