रूळ ओलांडणारा कोण?

घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यात रुळांवर कुणी गेलं, की लोकलच्या डब्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "त्याची वेळच भरली होती." पाठोपाठ दुसरं: "पूल होता ना, मग मरायला खाली कशाला उतरला?" पुष्कळदा दोन्ही वाक्यं एकाच तोंडून निघतात आणि बोलणाऱ्याला काही खटकत नाही. वेळ भरली होती तर दोष कसला? आणि दोष त्याचा, तर वेळेला मध्ये कशाला आणायचं?

नशीबवाद्यांवर फार शाई खर्च करत नाही. रूळ ओलांडताना तेही दोन्हीकडे बघून घेतात, त्यात सगळं आलं. हल्ली जोर आहे तो शिकलेल्या नशीबवाद्यांचा. त्यांची सटवाई कपाळावर लिहीत नाही, कपाळाच्या आत लिहिते. त्यांचा हुकमी पुरावा म्हणजे मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटचा १९८३ सालचा प्रयोग. माणसांना सांगितलं, मनात येईल तेव्हा हात हलवा. हलवावंसं वाटल्याची जाणीव होण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारी सुरू झालेली दिसली. म्हणजे निर्णय मेंदूचा, आपण नुसते शिक्का मारणारे कारकून!

पण ज्या हालचालीला कारणच नको, तिला निवड म्हणायचं कशाला? बोरिवलीतली भाड्याची खोली सोडून विरारला स्वतःचं घर घ्यावं का, हा प्रश्न घरात महिनोन्‌महिने चालतो. कर्जाचे हप्ते, मुलांची शाळा, परतीच्या गाडीतली गर्दी, सगळं तोलून झाल्यावर एखाद्या रात्री बेत फिरतो. मनगट हलवण्याचा नियम इथे कसा लावणार? शिवाय उठलेली ऊर्मी शेवटच्या क्षणी आवरता येते, असं खुद्द लिबेटचंही मत होतं. त्याचे भक्त हे सोयीस्करपणे गाळतात.

ते आवरणं बघायचं असेल तर फलाटाच्या उतरत्या टोकाशी उभं राहावं. एक जण पिशवी काखेत मारून खाली उतरतो, पाऊल रुळाकडे टाकतो, फास्ट येताना दिसते, पाऊल मागे येतं. मागून कुणी ओरडलेलंही असतं, "अहो, थांबा!" डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, म्हणून तो थांबला. थांबण्याला कारणं होती, म्हणून थांबणारा तो नव्हेच, हे कुठलं तर्कशास्त्र?

असंच थांबणं वाढावं म्हणून वडाळ्याजवळ मध्य रेल्वेच्या हद्दीत २०१० च्या सुमारास 'फायनल माइल' या संस्थेने रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. मोठी वस्तू लांबून येताना असते त्याहून संथ भासते, त्यामुळे गाडीचा वेग डोळ्यांना नीट कळत नाही. पट्टे एकामागून एक गाडीखाली गडप होताना दिसले, की वेग कळतो. एका लांब भोंग्याऐवजी मध्ये थांबत दिलेले दोन तुटक भोंगे, आणि गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचा फलकही होता. तिथले मृत्यू कमी झाले. "बघा, माणूस म्हणजे कळसूत्री बाहुली, रंग लावला की वळते," असं यावर म्हणतात. माझ्या मते याने उलटंच सिद्ध होतं. पट्ट्यांनी पाय अडवला नाही, चुकणाऱ्या नजरेला खरा वेग दाखवला. फलकाबद्दल मी थोडा कचरतो, कारण भीती विचाराला वाव कमी ठेवते. पण ती भीतीही खऱ्या धोक्याची होती.

नशीब की निवड, हा वाद जुनाच. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त टिळकांनी एक अख्खं प्रकरण 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' या विषयाला दिलं. कर्माची साखळी मान्य करूनही ज्ञानासाठी धडपडण्याची मोकळीक त्यांनी माणसाकडे ठेवली. त्यांचा रोख मोक्षावर होता, माझा पलीकडच्या फलाटावर. पण ज्ञानाने मोकळीक वाढते, एवढं मी त्यांच्याकडून उचलतो.

म्हणूनच "त्याची चॉईस होती" म्हणून हात झटकणारेही मला पटत नाहीत. रेल्वे कायद्याचं कलम १४७ असे रूळ ओलांडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं. कायदा असावाच, जबाबदारी धरायला कर्ता लागतो. पण मोकळीक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. धडधाकट कॉलेजकुमाराला पूल म्हणजे दोन मिनिटं. गुडघे गेलेल्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या भाजीवालीला तोच पूल डोंगर. सरकता जिना चालू असेल तर तिच्यापुढे दोन वाटा असतात. तो बंद असताना ती खाली उतरली, तर पावती फाडणाऱ्याने जिना कधीपासून बंद आहे हेही त्याच पावतीवर लिहावं.